उत्तमनानांचा पंच

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात. आमच्या शेजारचे उत्तमनाना सेंटर पंच लावतात. बोटभर लांब, टोकदार पोलाद. त्या टोकानं त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला भोक पडलंय, आणि आखणी न करता पडलेली नानांच्या आयुष्यातली भोकं तेवढीच.

नानांनी जन्मभर आयटीआयत पोरांना फिटरकाम शिकवलं. रिटायर होऊन डोणगावात आले, पण शिकवणं सुटलं नाही. "भोक पाडता येते, बुजवता येत नाही," हे त्यांचं वाक्य. माझ्या मुलीचे कान टोचायला सोनार आला, तर नानांनी त्याला थांबवून आधी दोन्ही कानांवर शाईचे ठिपके द्यायला लावले आणि समोरून, बाजूनं तपासले. आमच्या घरात आज सरळ रेषेत असलेली गोष्ट म्हणजे तेवढे दोन कान.

गेल्या हिवाळ्यात माय न्हाणीत घसरली. लागलं नाही, पण धसका बसला. लघवीला बसून उठताना दरवेळी सुनेला हाक मारायची लाज, म्हणून तिनं पाणी पिणंच कमी केलं. चहासुद्धा अर्धा कप ठेवून द्यायची. हे ध्यानात यायला मला पंधरा दिवस लागले.

मग मी न्हाणीत धरून उठायला वेल्डरकडून एक दांडा करून आणला, दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटा लावलेला. प्लेटांना स्क्रूसाठी भोकं मी स्वतःच पाडणार होतो, कारण घरात नवं ड्रिल मशीन होतं आणि बायको बघत होती. बिट टेकवलं, बटण दाबलं. बिट प्लेटभर नाचलं, एक लांबलचक ओरखडा काढला आणि फरशीवर उतरलं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "काऊन बे, पंच नाही मारला काय?"

नुसत्या आवाजावरून. मशीन बंद करायच्या आत नाना हत्यारांचा डबा घेऊन दारात हजर.

त्यांनी प्लेटेवर खडू घासला. काटकोनी गुण्या लावून लोखंडी सुईनं दोन रेषा ओढल्या. जिथं त्या एकमेकींना छेदत होत्या तिथं पंच उभा धरून हातोडीचा हलका ठोका दिला, चष्मा वर करून पाहिलं, आणि मगच जोराचा दिला. टिकलीएवढा खड्डा पडला.

"बिटले बसायले जागा लागते," नाना म्हणाले. "जागा नसली का माणूसही घसरते."

आधी बारीक बिट, मग जाड, मध्ये तेलाचा थेंब. भोकं अशी पडली, की ओरखडा मला जास्तच ठळक दिसायला लागला.

"भिंतीवर किती उंच लावतं?"

"अडीच फूट. इंटरनेटवर पाहिलं."

"इंटरनेट येते काय इथं आंघोळीले? वयनी, या बरं इकडं."

त्यांनी मायच्या तळहाताला खडू चोळला. तिला स्टुलावर बसवून म्हणाले, "उठा. हात जिथं जाते तिथं जाऊ द्या."

"भाऊ, तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत माय उठली. असं तीनदा. भिंतीवर तीन पांढरे पंजे उमटले, जवळजवळ एकावर एक. नानांनी त्यांच्या मधोमध खूण केली, आणि दांडा तिथं बसला.

दुसऱ्या दिवशी मायनं अख्खा कप चहा पिऊन वर पाणी मागितलं.

नानांचा गुण्या आमच्याकडेच राहिला होता, तो द्यायला मी गेलो. नाना न्हाणीत पाय धूत होते. दार उघडं होतं. भिंतीला तिथंही दांडा होता, पण माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. सहा फुटी नाना जवळजवळ दुमडून तो धरत होते. चार वर्षांपूर्वी गेलेल्या काकू त्यांच्या जेमतेम खांद्याएवढ्या होत्या.

"नाना, हा वर घेऊ का? आता मले पंच मारता येते."

त्यांनी पाय पुसले. बराच वेळ पुसले.

"तो राहू दे. तिच्या हाताची आखणी हाय."

मग त्यांनी डब्यातून खडू काढला, स्वतःच्या तळहाताला चोळला आणि जुन्या दांड्याच्या वर, भिंतीवर, पंजा टेकवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"माह्यासाठी इथं दुसरा लाव."

खिशातला पंच त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो खुणेवर सरळ धरला, हातोडी उचलली.

"हळू," नाना म्हणाले. "पहिला ठोका फक्त जागा दाखवायले असते."