कलमसाहेबांचं दुसरं दार

विद्यापीठाच्या चौकात पोरांना बसायला धड जागा नाही, ती आपण नुसत्या हवेवर उभी करून दाखवू, असं आर्किटेक्चरच्या बाईंनी भर मीटिंगमध्ये ठणकावलं. एक कापडी घुमट, त्यात हवा भरणारा एक मोठा पंखा, आत साठ माणसं. शिवणकाम त्यांच्या सासूबाईंनी अंगावर घेतलं. महिनाभर जेवायच्या टेबलावर कापडाचा डोंगर होता आणि घरातले सगळे ताट मांडीवर घेऊन जेवत होते.

तेवढ्यात इस्टेट विभागाचे साहेब आडवे आले. दर वाक्यात एक कलम घालायची सवय, म्हणून पोरं त्यांना कलमसाहेब म्हणत. संकटकाळी बाहेर पडायला दुसरं दार हवंच, असं त्यांचं म्हणणं. घुमट आतल्या हवेवरच उभा राहतो, दोन्ही दारं उघडी राहिली तर तो खाली बसेल, हे बाईंनी तीनदा समजावलं. साहेबांनी तीनदा मान डोलावली आणि तिन्ही वेळा फाइल परत पाठवली. शेवटी दातओठ खात बाईंनी मागे चेनवालं दार केलं आणि त्यावर ‘विनाकारण उघडू नये’ अशी पाटी शिवून घेतली.

उद्घाटनाला कुलगुरू आत बसले, शेजारी बाईंच्या सासूबाई, मागोमाग पन्नासेक पोरं. पुढच्या दारातून माणसं येतच होती. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि छत त्यांच्या केसांना लागलं. मग कपाळाला. त्यांनी वळून पाहिलं, तर कलमसाहेब मागची चेन पूर्ण उघडून दार दोरीने बांधून ठेवत होते.

“संकटकाळचं दार बंद ठेवणं नियमात बसत नाही, मॅडम,” ते शांतपणे म्हणाले.

“अहो, संकट तुम्हीच आहात!” बाई ओरडल्या आणि घुमट सगळ्यांच्या डोक्यावर बसला.

कापडाखालच्या अंधारात बाईंचा महिनाभर गिळलेला राग बाहेर पडला. साहेबांची फाइल, साहेबांची कलमं, साहेबांची अक्कल, सगळ्यांचा यथासांग उद्धार झाला. कापडाने आवाज अडत नाही, हे त्या रागात विसरल्या. चौकाभोवतीचे तिन्ही मजले कठड्याला येऊन ऐकत होते. मधेच सासूबाईंचा घाबरा आवाज आला.

“अगं, माझी शिवण उसवली का?”

“शिवण जागेवर आहे, आई. डोकं जागेवर नाही, ते यांचं!”

सगळे रांगत बाहेर आले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कुलगुरू केस नीट करून निघून गेले. बाई धुमसत स्टाफरूममध्ये जाऊन बसल्या.

तासाभराने त्या कापडाची घडी घालायला आल्या, तर चपट्या घुमटावर पोरंच पोरं. कुणी डबा उघडलेला, कुणी पुस्तक, कुणी चक्क घोरत होतं. त्या चौकात एवढी माणसं एका जागी कधीच बसली नव्हती. कडेला बूट काढून कलमसाहेबही मांडी घालून बसले होते.

“छान झालंय हो, मॅडम,” बाजूला सरकून जागा करत ते म्हणाले. “आणि असं ठेवलंत, तर दारच लागत नाही.”