एका काचेत सगळे सुखाने

सकाळी जुळवेकाकांनी काचेच्या पेटीत डोकावून पाहिलं. दोन्ही लहान हिरवे बेडूक गायब होते. मासे फारच विरळ दिसत होते. खेकडा दगडाआड बसून काहीतरी चघळत होता, आणि मोठी बेडकी मातीवर डोळे मिटून बसली होती, पंगतीतून नुकतीच उठून आल्यासारखी.

"अगं, तू यातलं कुणाला हलवलंस का?"

"मी?" काकू आतूनच म्हणाल्या. "मी त्या पेटीला फडकंसुद्धा लावत नाही."

काका घराच्या पुढच्या खोलीत विवाह मंडळ चालवत. आजवर असंख्य लग्नं जुळवल्यामुळे लोक त्यांना जुळवेकाकाच म्हणत. नेमकं स्वतःच्या लेकीचं लग्न मात्र लेकीनं परस्पर जुळवलं होतं आणि ते एकाच गोष्टीवर अडलं होतं. मुलाच्या आईला सगळे एका छपराखाली हवे होते. लेक म्हणत होती, सासूबाईंच्या घरात राहणं मला जमणार नाही. मुलगा बिचारा दोघींच्या मध्ये सुकत चालला होता. शेवटी काकांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "एकत्र राहता येतं! माणसं पारखून घ्यावी लागतात, एवढंच. मी दाखवतो तुम्हाला." आणि त्यांनी अर्धी जमीन, अर्धं पाणी अशी भलीमोठी पेटी पुढच्याच खोलीत आणून ठेवली.

विहीणबाई म्हणाल्या, दाखवा. लेक म्हणाली, "यातले सगळे सुखानं राहिले तर मीही राहीन. नाहीतर हा विषय संपला." आज दुपारी विहीणबाई पेटी बघायला येणार होत्या.

पारख काकांनी मोठ्या मेहनतीनं केली होती. पाळीव प्राण्यांचा दुकानदार सांगत होता, "साहेब, बेडकी एकटी ठेवा." पण काकांनी त्याला समोर बसवून रीतसर चौकशीच सुरू केली.

"स्वभाव कसा?"

"शांत. एका जागी बसून असते."

"म्हणजे घरातली वडीलधारी. आणि खेकडा?"

"तो दिवसा लपतो, अंधार पडला की फिरतो."

"उत्तम! वेळा वेगळ्या, भांडणाला वावच नाही. हे हिरवे बेडूक तर तिच्या नात्यातलेच. खाण्यापिण्याचं काय?"

"बेडकी ना? तोंडात मावेल ते खाते."

"वा! खाण्याचे काही नखरे नाहीत," असं म्हणून काकांनी तिथल्या तिथे पसंती कळवली होती.

आता ते धापा टाकत पुन्हा त्याच दुकानात गेले. "तसलेच दोन बेडूक द्या. आणि मासे. लवकर!"

"अहो, परवाच तर नेलेत."

"पाहुणे यायचेत हो!"

दुकानदारानं पिशवी भरून दिली. नवे बेडूक पेटीत सोडायच्या गडबडीत झाकण नीट लागलं नाही. ते लक्षात आलं तोवर खेकडा पंपाच्या वायरवरून चढून घरात कुठंतरी पसार झाला होता. काकांनी कोच सरकवला, कपाटाखाली टॉर्च मारली, उशा झटकल्या. तेवढ्यात बेल वाजली.

विहीणबाई थेट पेटीसमोरच्या खुर्चीत बसल्या. लेक दाराशी ओठ चावत उभी राहिली. तिचे सुजलेले डोळे पाहून काकांना वाटलं, ही पेटी आत्ताच्या आत्ता फोडून टाकावी.

"हे सगळे," काका म्हणाले, "एकमेकांना सांभाळून असतात बघा."

"खेकडा पण आहे म्हणाला होतात."

"आहे ना. जरा लाजाळू आहे."

लाजाळू खेकडा त्याच क्षणी कोचाखालून निघाला आणि तिरका तिरका विहीणबाईंच्या पायांकडे चालू लागला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी तो पाहिला, मग खेकडा पाहिला, आणि पाणी द्यायला उठल्याचं निमित्त करून टेबलावरचं रिकामं स्टीलचं पातेलं त्याच्यावर पालथं घातलं. वर पाय ठेवून त्या तिथंच स्टुलावर बसल्या. पातेलं आतून खरखरू लागलं.

"कसला आवाज?"

"पंपाचा," काकू म्हणाल्या.

विहीणबाईंनी चष्मा पुसून नाक काचेला लावलं. एक हिरवा बेडूक टुणकन उडी मारून मोठ्या बेडकीच्या पुढ्यात येऊन बसला. काकांनी मनातल्या मनात त्याला हजारदा बजावलं, बाजूला हो रे बाळा. बेडकीनं डोळे उघडले. तोंड उघडलं. मिटलं. एक हिरवा पाय थोडा वेळ बाहेर हलत राहिला, मग तोही आत गेला.

लेकीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"जुळवेकाका," विहीणबाई न वळता म्हणाल्या, "यात मी कोण?"

"तुम्ही... म्हणजे... तसं काही..."

"बेडकीच ना?" त्यांनी काचेवर बोट टेकवलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूसासरे. मग दीर. मग मुलं. मला एकटीला घर असं कधी मिळालंच नाही हो. ही बघा, सगळ्यांना संपवून कशी ऐसपैस बसलीय." त्या उठल्या. "लग्नाला माझा होकार आहे. आणि माझ्या घरात मला कुणीही नको."

लेकीनं धावत जाऊन त्यांना मिठी मारली. काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग दोघांसाठी छानसं वेगळं घर बघतो मी!"

"वेगळं कशाला?" विहीणबाईंनी पर्स खांद्याला लावली. "तुमच्याकडेच राहतील की. एकत्र राहायचं कसं, ते तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

काकांनी मदतीसाठी लेकीकडे पाहिलं. तिला स्वतःचं घर हवं होतं, ती नक्की नाही म्हणेल.

"बाबा, माझं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं," लेक डोळे पुसत म्हणाली. "वरची खोली आम्हाला, आणि ही मंडळाची त्याच्या कामाला. तुम्ही जगाला विचारता, मला कधी विचारलंच नाहीत."

काकूंनी पातेल्यावरचा पाय न हलवता नवऱ्याकडे बघितलं. काकांनी हसून मान डोलावली. दुसरं काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं.