साळिंद्रे यांचा शेवटचा काटा

एका जंगलात एक वड होता, वडाखाली एक शाळा होती आणि शाळेत एकच बाई होत्या. एवढ्यावरून तुम्हाला वाटेल, ही गोष्ट शाळेची आहे. नाही हं, मुलांनो. ही गोष्ट शाळेबद्दलच्या मतांची आहे. शाळा तिच्यात मध्ये मध्ये येईल, तेवढं सांभाळून घ्या.

बाई म्हणजे कासवबाई. जंगलातली सगळी पोरं त्यांच्याकडे. एकशे बारा पोरं आणि एक फळा. बाई मनाने फार चांगल्या होत्या, पण त्यांची बोलण्याची चाल आणि पायांची चाल एकच होती. रोज सकाळी त्या हजेरी घ्यायच्या. हजेरी संपली की मधली सुट्टी व्हायची.

या शाळेत सुई नावाची एक छोटी साळिंदर होती. तिचं नाव 'स'वर, म्हणजे हजेरीत अगदी शेवटी. तिच्यानंतर फक्त हरणं उरायची. आपलं नाव येईपर्यंत ती ताठ बसून वाट बघायची आणि आलं की खणखणीत म्हणायची, "हजर, बाई." तीन वर्षांत तिला एवढंच पक्कं येत होतं. अक्षरं मात्र अजून आली नव्हती.

सुईचे बाबा म्हणजे आपले साळिंद्रे. ते लेखक होते. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पानावर लिहायचं. लिहून झालं की पान पाणवठ्यावरच्या जांभळीला टांगायचं. दाबून लिहायची सवय, त्यामुळे एका लेखात शे-दोनशे काटे सहज मोडायचे.

जंगलात त्यांच्या लेखांना मान होता. वाचत कुणी नसे, पण पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण आधी पानाकडे आणि मग साळिंद्रे यांच्या पाठीकडे बघे. पाठ जितकी उघडी, तितका लेख जहाल. "काय सणसणीत लिहिलंय," असं म्हणून तो पाणी पिऊन निघून जाई. साळिंद्रे यांना एवढं पुरे होई. लेखकांचं असंच असतं, मला विचारा.

तर एकदा काय झालं, सिंहमहाराजांनी टेकडीवरच्या धनेशपंतांना एक सनद दिली. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या सनदेत असं होतं: धनेशपंतांनी टेकडीवर शाळा काढावी. खर्च दरबाराचा, मुलांना फी नाही. शिक्षक कोणते, वेळ कोणती, शिकवायचं कसं, ते पंतांनी ठरवावं. पण तीन पावसाळ्यांत मुलांना वाचता आलं नाही, तर सनद परत. जागा चाळीस. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून सोडत काढायची.

सनद टेकडीच्या पायथ्याशी चिंचेच्या झाडावर ठोकली होती. जो तो तिच्याखालून जात होता. वर मान करून वाचली कुणीच नाही. खरं सांगायचं तर मीही नाही वाचली. धनेशपंत म्हणाले, ते तुम्हाला सांगितलं.

पण मत तर हवं ना? जंगलाचं मत घ्यायला दरबाराने एका सशाला नेमलं. ससा दोन टोपल्या घेऊन दारोदार फिरू लागला. एक टोपली होयची, एक नाहीची. 'सनदी शाळा हवी का?' असं विचारायचं आणि उत्तराप्रमाणे चिंचोका टाकायचा.

ससा आला, तेव्हा साळिंद्रे बिळाच्या तोंडाशी उन्हात बसले होते.

"सनदी शाळा हवी का?" सशाने विचारलं.

"तसं मला काही माहीत नाही," साळिंद्रे म्हणाले. "बघतो. विचार करून सांगतो."

"'माहीत नाही'ची टोपली दिलेली नाही," ससा म्हणाला. "मी 'नाही' एवढंच ऐकलं." आणि जी टोपली जवळ होती तिच्यात त्याने चिंचोका टाकून दिला.

पुढच्या घरी होयची टोपली जवळ होती. तिथल्या अस्वलालाही काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, सनद हे मधाच्या एखाद्या नव्या पोळ्याचं नाव असावं.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. विरोधकांच्या यादीत पहिलं नाव साळिंद्रे यांचं. पाणवठ्यावर चार जणांनी त्यांना नमस्कार केला. एक म्हातारं तरस म्हणालं, "तुम्ही ठाम उभे राहिलात, बरं वाटलं. आता कारणंही लिहा."

साळिंद्रे सांगू शकले असते की अहो, तो चिंचोका चुकून पडला. पण नमस्कार होऊन गेले होते. ते घरी आले आणि कारणं लिहायला बसले.

मुलांनो, कारणं म्हटली की ती सापडतातच. पहिल्या लेखात पाच सापडली, दुसऱ्यात नऊ. धनेशपंतांच्या बाजूनेही एक सुतारपक्षी लिहू लागला. तो खोडावरच कोरायचा, त्यामुळे त्याची मतं पुसताही येत नसत. मग त्याला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर. साळिंद्रे यांचे सतरा लेख झाले. पाठीवरचे काटे विरळ होत गेले. थंडी वाजायला लागली, पण त्यांनी हार मानली नाही.

दुपारी शाळेतून आली की सुई पाटी घेऊन त्यांच्याजवळ उभी राहायची.

"बाबा, हे अक्षर कोणतं?"

"सुई, मध्ये मध्ये करू नकोस. बाबा शिक्षणावर लिहितायत."

"बरं," म्हणून ती कोपऱ्यात बसायची. कासवबाईंनी फळ्यावर काढलेलं ते अक्षर ती पुन्हा पुन्हा गिरवायची. कसलं आहे, ते तिला कळत नसे.

सुईची आई साळूबाई. ती लेखांबद्दल काही बोलत नसे. एक दिवस मात्र कंदमुळं सोलता सोलता म्हणाली, "अहो, टेकडीवर अर्ज घेतायत. उद्या शेवटचा दिवस आहे."

"अगं, मी विरोधात आहे."

"तुम्ही असा. आपण सुईचा अर्ज भरतोय, तुमचा नाही."

"लोक काय म्हणतील?"

"ती आठ वर्षांची झाली. तिला अजून 'स' ओळखता येत नाही," साळूबाई म्हणाली. "स्वतःच्या नावातला."

सतरा लेखांत साळिंद्रे यांनी 'आपली मुलं' हे शब्द एकसष्ट वेळा लिहिले होते. आपलं मूल त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. ती कोपऱ्यात बसून 'स' काढत होती, उलटा. त्यांना फार लाज वाटली.

त्यांनी पाठ चाचपली. एकच काटा शिल्लक होता. अठराव्या लेखासाठी त्यांनी तो जपून ठेवला होता. त्यांनी तो उपटला आणि अर्ज भरला. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'खोदकाम'. टिंब देताना काटा मोडला.

आता जंगलात मैदान एकच. त्यामुळे जाहीर चर्चासत्र आणि प्रवेशाची सोडत एकाच दिवशी, एकाच ठिकाणी ठेवली होती. सोडत चर्चासत्रानंतर. साळूबाईने सुईला न्हाऊ घातलं. "तुझं नाव पुकारलं की मोठ्याने हजर म्हणायचं," असं तिने दहादा बजावलं. सुई म्हणाली, "मला येतं ते."

साळिंद्रे व्यासपीठावर चढले. पाठीवर एकही काटा नाही. ती गुळगुळीत पाठ बघून विरोधकांनी उभं राहून दाद दिली. असा जहाल लेखक जंगलाने पाहिला नव्हता. साळिंद्रे बोलले आणि छान बोलले. त्यांचा एक कान चिठ्ठ्यांच्या मडक्याकडे होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सुतारपक्षी बोलला. मग तरस म्हणालं, सनद हा एक साथीचा रोग आहे आणि आपण त्यात एक चुलता गमावला आहे. मग अस्वल म्हणालं, पोळं मोठं असलं तर सगळ्यांना वाटून घ्यावं.

मैदानाच्या कडेला कासवबाई आणि धनेशपंत शेजारी शेजारी बसले होते. त्यांना बोलायला कुणी बोलावलं नव्हतं.

"बाई, तुम्ही 'ळ' कसा शिकवता हो?" धनेशपंत हळूच विचारत होते. "माझ्या ढोलीतली निम्मी पोरं त्याला 'ल'च म्हणतात."

"आधी 'कमळ' काढून घ्यायचं," बाई म्हणाल्या. "मग 'बाळ'. पण माझ्याकडे एकशे बारा. पुढच्या ओळीपलीकडे पोचतच नाही मी."

"आमच्या ढोलीत मागे बसलेली पोरं घोरतात," पंत म्हणाले.

"तिकडे जरा शांतता ठेवा," ससा ओरडला. "इथे शिक्षणावर चर्चा चालू आहे."

दोघंही ओशाळून गप्प झाले.

त्या शांततेत सुईने विचारलं, "बाबा, सनद म्हणजे काय?"

तिला वाटलं होतं, बाबांना नक्की माहीत असेल. इतकं लिहिलंय त्यांनी.

साळिंद्रे यांनी तोंड उघडलं. मग सुतारपक्ष्याकडे बघितलं. सुतारपक्ष्याने आभाळाकडे बघितलं. ससा टोपल्या चाचपू लागला. शेवटी कुणीतरी म्हणालं, ती चिंचेवर आहे ना, जाऊन वाचू या.

सगळं जंगल चिंचेपाशी गेलं. खिळा होता, सनद नव्हती. महाराजांच्या पंजाचा ठसा असलेला एक कोपरा फक्त लोंबत होता. बाकीची वाळवीने खाल्ली होती. अख्ख्या जंगलात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सनदेतून गेलं ते एवढं एकच कुटुंब.

तुम्हाला वाटेल, आता चर्चा थांबली. छे. उलट दोन्ही बाजूंनी सुटकेचा निःश्वास सोडला. सनदच नाही म्हटल्यावर कुणाला खोटं कोण पाडणार? चर्चा दुप्पट जोराने सुरू झाली आणि ऊन कलेपर्यंत चालली.

मग सोडत निघाली. धनेशपंत मडक्यात चोच घालून एकेक चिठ्ठी काढू लागले. पहिलं नाव तरसाच्या नातवाचं. त्याच्याही घरून अर्ज गेला होता तर. तरस जमिनीवर काहीतरी शोधू लागलं. मग आणखी तीन विरोधकांची पोरं. कुणी कुणाकडे बघेना. मग दहा, वीस, तीस.

सुई सगळ्यात पुढे ताठ उभी होती. प्रत्येक चिठ्ठीला ती तोंड उघडायची आणि नाव दुसऱ्याचं निघालं की मिटायची. तिला काळजी वाटत नव्हती. 'स' शेवटीच येतो, हे तिला शाळेने शिकवलं होतं.

चाळीस झाल्या. धनेशपंतांनी मडकं झाकलं. मडक्यात अजून बहात्तर चिठ्ठ्या होत्या.

सुई तरी उभीच होती. "बाबा, हरणं झाली," ती म्हणाली. "माझं नाव राहिलं का?"

साळिंद्रे यांना रडू आलं. सगळ्यांसमोर ते ढसाढसा रडले. विरोधकांना वाटलं, हे तत्त्वासाठी रडतायत. त्यांनी पुन्हा उभं राहून दाद दिली.

दुसऱ्या दिवशी साळिंद्रे घरीच होते. लिहायला काटा नव्हता, पाणवठ्यावर जायला तोंड नव्हतं. दुपारी सुई पाटी घेऊन आली.

"बाबा, हे अक्षर कोणतं?"

साळिंद्रे यांना दुसरं काही कामच नव्हतं. त्यांनी पाटीकडे बघितलं. "हा 'स'," ते म्हणाले. "तुझा 'स'. उलटा झालाय. दे इकडे." त्यांनी नखाने मातीत सरळ 'स' काढला.

रोज दुपारी एक अक्षर. शेजारची दोन कोल्ह्याची पोरं आणि एक हरीण येऊन बसू लागलं. अक्षर बघायला कासवबाई हजेरी संपवून येत. त्या पोचायच्या तोपर्यंत शिकवणी संपत आलेली असे, पण 'ळ' त्यांनीच शिकवला. पाऊस सरेपर्यंत सुई वाचू लागली. साळिंद्रे आयुष्यात इतके सुखी कधी नव्हते आणि लेखक म्हणून इतके बेकार कधी नव्हते.

एक दिवस सुई जांभळीखाली उभी राहून त्यांचे जुने लेख वाचून आली. सगळे सतरा. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी ती पहिलीच वाचक.

"कसे वाटले?" साळिंद्रे यांनी विचारलं. ते उगाच काळजीत पडले होते.

सुईने बराच विचार केला. "अक्षर छान आहे," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात साळिंद्रे यांची पाठ हुळहुळू लागली. चाचपून बघतात तो काय, मधोमध एक काटा आला होता. नवा कोरा, टोकदार. डोक्यात लेख तयारच होता: 'मुलांना घरीच का शिकवावं, याची बावीस कारणं'. असा विषय अजून कुणी हाताळला नव्हता. सुतारपक्षी काय उत्तर देतो ते त्यांना बघायचंच होतं.

दुपारी सुई पाटी घेऊन आली. मागे कोल्ह्याची दोन पोरं आणि हरीण.

"बाबा, आज जोडाक्षरं ना?"

"आज नको, सुई," साळिंद्रे मान वर न करता म्हणाले. "बाबा शिक्षणावर लिहितायत."

सुई कोपऱ्यात जाऊन बसली. तिने कोल्ह्याच्या पोरांना आणि हरणाला समोर बसवलं. पाटी मांडीवर घेतली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव तिने 'स'वरून घेतलं, आणि स्वतःच खणखणीत म्हणाली, "हजर."

तात्पर्य: शाळा वडाखालची असो की टेकडीवरची, पालकाने तिच्याबद्दल ठाम मत ठेवावं. मुलांना शिकवायचं काम मग मुलं आपापसात उरकून घेतात. (हे तात्पर्य तिसऱ्यांदा खोडून लिहिलं आहे. दाराशी कुणीतरी वही घेऊन मघापासून उभं आहे. तिला थांबायला सांगितलंय.)