दीड पानाचं काम

"त्यात काय एवढं! आठ नट काढायचे, जुना मॅनिफोल्ड उतरवायचा, नवा चढवायचा आणि तेच आठ नट परत लावायचे. पुस्तकात हे सगळं दीड पानात आटोपलंय!"

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर निवृत्त ग्रंथपाल हे बोलले आणि स्वतःच दचकले. इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. माणूस जन्माचा भिडस्त! चाळीस वर्षं वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसले. त्या पाटीचा वाचकांवर कितपत परिणाम झाला कोण जाणे, ग्रंथपालांवर मात्र पक्का झाला होता.

"दीड पानात?" बाई म्हणाल्या. बाई म्हणजे ग्रंथपालांच्या पत्नी. शिवणाचे वर्ग चालवायच्या, म्हणून साऱ्या गल्लीच्या बाई. "साधी उशीची खोळ दीड पानात होत नाही हो!"

तर झालं होतं असं, की ग्रंथपालांची गाडी सव्वीस वर्षांची. तिच्या इंजिनाच्या चार तोंडांतून निघणारा धूर ज्या ओतीव बिडाच्या चौपायी नळात गोळा होतो, त्या नळाला, म्हणजेच मॅनिफोल्डला, चीर गेली होती. धूर सायलेन्सरपर्यंत पोचायच्या आतच बाहेर पडायचा आणि पडताना सगळ्या गल्लीला सांगून पडायचा. फट्‌ फट्‌ फट्‌ फट्‌! गाडी वळणावर आली की कुत्री आपणहून उठून बाजूला होत. उरलासुरला धूर आत गाडीत शिरायचा. शेवटी तीन महिन्यांपूर्वी बाईंनी पदराने नाक पुसत जाहीर केलं, "हे धुराडं बंद होईपर्यंत मी या गाडीत पाऊल ठेवायची नाही!" आणि दर शनिवारी बहिणीकडे जायला त्या आपल्या धाकट्या भावाच्या गाडीत बसू लागल्या.

खरी गोम इथेच होती. घरात ही दोन माणसं फारशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नाही हो! ग्रंथपालांसमोर पुस्तक असायचं, बाईंसमोर शिवणाचं मशीन. दोघांचं बोलणं व्हायचं ते शनिवारी गाडीत. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. आठवड्याचं सगळं त्यात निघायचं. तीन महिने ते बंद पडलं होतं, आणि ग्रंथपालांना घर वाचून संपलेल्या पुस्तकासारखं वाटू लागलं होतं. आता हे बायकोला तोंडावर सांगणार कसं? त्यापेक्षा मॅनिफोल्ड बदलणं सोपं!

बाईंच्या त्या भावाचं गॅरेज होतं. तो दर भेटीत म्हणे, "भावोजी, गाडी टाका माझ्याकडे, दोन तासांचं काम. तुम्ही आपलं वाचा, खोलायचं आमच्यावर सोडा!" हे तो चारचौघांत, हसत म्हणायचा. ग्रंथपालही हसायचे. पण ते शब्द कुठेतरी जाऊन बसायचे.

शनिवारी सकाळी सातला ग्रंथपाल जुना शर्ट घालून फाटकाच्या आत, गाडीसमोर उभे राहिले. शेजारचे बंबवाले आधीच कुंपणाच्या भिंतीवर कप घेऊन बसले होते. बंबवाले म्हणजे अग्निशामक दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. तीस वर्षं नोकरी, पण बंबाच्या ड्रायव्हरची. आगीपर्यंत बंब न्यायचे हे, पाणी मारायचे दुसरे आणि फोटो छापून यायचे तिसऱ्यांचे!

"काही पेटलं तर हाक मारा," बंबवाले म्हणाले.

"छे, छे, पेटायचं काय त्यात!" ग्रंथपाल कसनुसं हसले.

पहिली अडचण नटाची नव्हती, पुस्तकाची होती. गाडीबरोबर आलेलं ते पुस्तक सव्वीस वर्षं खाकी कव्हरात राहिलं होतं. त्याच्या पानावर काळा अंगठा उमटवायचा? ज्या माणसाने वाचकांना नुसते ओले हात दिसले तरी पुस्तक नाकारलं, त्याने? शक्यच नाही! पुस्तक स्वयंपाकघरात टेबलावर उघडं ठेवलं. एक वाक्य वाचायचं, बाहेर यायचं, तेवढं काम करायचं, आत जायचं, साबणाने हात धुवायचे, पुसायचे, पुढचं वाक्य वाचायचं.

दहा वाजेपर्यंत चार नट निघाले आणि साबणाची अर्धी वडी संपली.

पाचवा नट गंजून बसला होता. ग्रंथपालांनी त्याला गंज सोडवायचं तेल पाजलं. हलला नाही. आणखी पाजलं. शेवटी अख्खी बाटली रिकामी केली. तेल नटावरून इंजिनावर, इंजिनावरून खाली असं आरामात फिरून आलं, नट जागचा हलेना.

"शिवी घाला त्याला!" भिंतीवरून सल्ला आला. "नुसतं तेल काय पाजताय? बाळंतीण आहे का ती?"

ग्रंथपालांनी चोहोबाजूंना पाहिलं. मग नटाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "गाढवा!"

आणि पाना ओढला. नट सुटला! ग्रंथपाल मागच्या मागे कुंडीत बसले, पण चेहऱ्यावर जो आनंद होता तो निवृत्तीच्या समारंभातही दिसला नव्हता.

जुना मॅनिफोल्ड उतरला. नवा डब्यातून निघाला. दुकानदाराकडे बरीच वर्षं पडून असल्यामुळे त्याला गंजू नये म्हणून ग्रीस असं चोपडलं होतं, की जणू परीक्षेला निघालेल्या मुलाच्या डोक्याला आईने तेल थापावं! मधे फट बुजवणारी गॅस्केटची पातळ पट्टी घातली, मॅनिफोल्ड चढवला आणि ग्रंथपाल एका टोकापासून ओळीने नट आवळू लागले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाई ओरडल्या, "अहो! एका टोकापासून काय आवळताय? कापड असं टाचलं तर दुसऱ्या टोकाला चुणी पडते. मधून धरा आणि दोन्ही बाजूंना जा!"

"अगं, हे लोखंड आहे."

"म्हणून त्याला चुणी पडत नाही होय?"

ग्रंथपाल आत गेले, हात धुतले, पान पाहिलं. पुस्तकात लिहिलं होतं, नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळत जावेत. ते बाहेर आले आणि सगळे नट ढिले केले. खिडकीत कोणी काही बोललं नाही. पण खिडकीतलं न बोलणं जास्त ऐकू येत होतं!

साडेबाराला आठवा नट बसला. आता पुस्तकातलं अर्धं पान तेवढं उरलं होतं. त्यासाठी पुन्हा आत जायचं, पुन्हा हात धुवायचे. बोटांची सालं निघायला आली होती. आणि उरलेल्या अर्ध्या पानात असून असून काय असणार? हत्यारं जागेवर ठेवा वगैरे! जन्मात एकही पुस्तक अर्धवट न सोडलेल्या माणसाने शेवटचं अर्धं पान सोडलं आणि किल्ली फिरवली.

काय सांगू! फट्‌ नाही की फुट्‌ नाही. गाडी झोपलेल्या मांजरासारखी गुरगुरू लागली. बंबवाल्यांनी भिंतीवरून उतरून हात मिळवला. बाई दारात येऊन कान देऊन ऐकत राहिल्या.

"खरंच की हो!" त्या म्हणाल्या. "थांबा, केस विंचरून पर्स घेऊन येते. भावाला फोन करून सांगते, आज येऊ नको म्हणून."

ग्रंथपालांनी इंजिन बंद केलं नाही. कसं करणार? तो आवाज, म्हणजे ते आवाज नसणं, त्यांना पुरेसं ऐकून घ्यायचं होतं. त्यांनी शेजारची सीट झाडली. या तीन महिन्यांत काय काय सांगायचं राहिलं याची मनात यादी केली. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

आणि बॉनेटच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ निघाली.

मग दोन. मग मोजायची सोय राहिली नाही. पांढराधोप, दाट धूर! ग्रीस, बाटलीभर तेल, सगळं एकदम तापलं होतं. गाडी दिसेना, भिंत दिसेना. पुस्तकाच्या त्या शेवटच्या अर्ध्या पानावर पहिलंच वाक्य होतं, 'इंजिन चालू करण्यापूर्वी सर्व तेल व ग्रीस स्वच्छ पुसून घ्यावे, अन्यथा धूर येईल; घाबरू नये.' पण ते पान स्वयंपाकघरात होतं आणि घाबरणारे लोक गल्लीत!

"आग! आग!" वरच्या मजल्यावरून कोणीतरी किंचाळलं.

बंबवाल्यांच्या आयुष्यात तो क्षण आला. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण! ते धावत गेले आणि काठोकाठ भरलेली बादली घेऊन धावत आले. "बाजूला व्हा! बॉनेट उघडा!" वयाच्या मानाने वेग विलक्षण होता.

ग्रंथपालांनी इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. पेटलेलं काहीच नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं. ही आग नाही, नुसतं तेल जळतंय. बीड तापलेलं असताना गार पाणी पडलं तर तडकतं. हे त्यांनी दुसऱ्या एका पुस्तकात वाचलं होतं. फक्त सांगायचं होतं. पण एवढा माणूस मदतीला धावलाय, त्याला एकदम 'थांबा' कसं म्हणायचं? त्यांनी मनात वाक्य जुळवलं, त्याला नम्रपणाची किनार लावली आणि सुरुवात केली,

"माफ करा, आपला हेतू उत्तमच आहे, परंतु—"

झप्पकन बादली रिकामी झाली.

टण्ण!

वाफेचा लोट उठला आणि विरला. धूर ओसरला. नव्याकोऱ्या मॅनिफोल्डवर वरपासून खालपर्यंत चीर पडली होती. जुन्यावरच्यापेक्षा चांगली दीडपट!

गल्लीने टाळ्या वाजवल्या. बंबवाले घामाने डबडबले होते, डोळे पाणावले होते. "वाचली गाडी," ते म्हणाले.

ग्रंथपालांनी चिरीकडे पाहिलं, मग बंबवाल्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "आपण होतात म्हणून," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाई पर्स घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या आत गेल्या आणि भावाला दुसरा फोन लावला.

मेव्हणा अर्ध्या तासात आला. चिरीत बोट घालून त्याने मान हलवली. "भावोजी, मी काय म्हणत होतो?" पण ग्रंथपालांचा चेहरा पाहून पुढचं वाक्य त्याने गिळलं. "चला, ओढून नेतो गॅरेजला." त्याने आपल्या गाडीला दोरी बांधली. "तुम्ही स्टिअरिंग धरा. ताई, तू माझ्याकडे बस पुढे."

बाईंनी एकदा भावाच्या चकचकीत गाडीकडे पाहिलं. मग भिजलेल्या कोंबडीसारख्या दिसणाऱ्या आपल्या गाडीकडे. दार उघडून त्या ग्रंथपालांच्या शेजारी बसल्या.

"अगं, इथे?"

"इंजिन बंद आहे ना? मग धूर कुठून येणार? चला."

दोरी ताणली आणि गाडी निघाली. आवाज नाही, वास नाही, गियर बदलायची कटकट नाही. वाऱ्याने नुसती खिडकीची काच थरथरत होती.

"किती शांत चालते हो!" थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "आता सांगा, त्या नटाला काय म्हणालात? खिडकीतून नीट ऐकू आलं नाही."

ग्रंथपालांनी सांगितलं. बाई इतक्या हसल्या की पुढच्या गाडीतून मेव्हण्याने आरशात पाहिलं. मग त्यांनी शिवणवर्गातल्या नव्या मुलीची हकीकत सांगितली. मग ग्रंथपालांनी वाचनालयातल्या एका जुन्या वाचकाची. तीन महिन्यांतलं अजून निम्मंही झालं नव्हतं तेवढ्यात गॅरेज आलं.

मेव्हणा उतरून मागे आला. "भावोजी, दोनदा हॉर्न दिला, वळणावर ब्रेक का नाही लावलात? लक्ष कुठे होतं?"

ग्रंथपाल काहीतरी जुळवू लागले. पण बाईंनीच काच खाली केली.

"किती वेळ लागेल रे?"

"दोन तास. झालं की फोन करतो, भावोजी येऊन चालवत नेतील."

"चालवत कशाला?" बाई म्हणाल्या. "तूच दोरीने ओढत आणून सोड."