टावरने धरलेला अंतरपाट

माझ्या हातात माईक आला की मला थांबता येत नाही. एकदा असाच थांबलो नाही, आणि माझ्या मित्राचं लग्न मोडलं. ते अजून ठरलंही नव्हतं.

या मित्राचं नाव बबन, पण नारायणगावात त्याला टावर म्हणतात. मोबाइलचे टॉवर आमच्याकडे नंतर आले. सव्वासहा फूट उंची आणि दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचा धंदा. पण पंचक्रोशीत तो ओळखला जायचा अंतरपाट धरणारा म्हणून. उंचीमुळे एकदा कुणीतरी हाताला धरून उभा केला आणि तो कायमचाच उभा राहिला. निमंत्रण असो-नसो, हा इस्त्री केलेला अंतरपाट घेऊन हजर. समोरचा धरणारा बुटका निघाला की कापड तिरकं होऊ नये म्हणून हा अख्खी मंगलाष्टकं गुडघे वाकवून उभा. नवरा टाचा उंचावून पलीकडे डोकावू लागला की टावर कापड वर घ्यायचा.

"अजून वेळ व्हायचीय," एवढंच म्हणायचा.

मी शाळामास्तर; माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रेमविवाह होता. तीन वर्षं दोघं एकाच मोटरसायकलवर हिंडलेली. तो म्हणाला, टावरकाका, आता काय बघायचं राहिलंय? टावर म्हणाला, "मग दोन मिंटं दम धराया काय व्हतंय?"

स्वतः मात्र बिनलग्नाचा. पंचेचाळिशी उलटल्यावर सुमनताई दुकानात यायला लागल्या. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहून टोमॅटोच्या रोपांची नर्सरी चालवायच्या. त्यांची मोटर दर दोन महिन्यांनी बिघडायची. टावर ती उघडायचा, पुसायचा, परत बंद करायचा. तोवर ताई बाकावर बसून चहा घ्यायच्या. मी एकदा विचारलं, हिला होतं तरी काय?

"मोटर चांगलीय, मास्तर. बाईंना खात्री करायची असती."

मग एक दिवस त्याने मला एकट्याला सांगितलं. ताई तयार होत्या. भावाच्या बागेतली द्राक्षं उतरली की त्याला त्या स्वतः सांगणार होत्या. तोवर तोंड उघडू नको, म्हणाला. मी कबूल केलं.

त्याच महिन्यात ओझरला एक लग्न होतं; ताई आणि त्यांचा भाऊही आले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे. अक्षता पडल्या, पंगत बसली, लोक हसत होते, आणि मला आणखी हसवायचं होतं. मी म्हणालो, "आजवर सगळ्यांचा अंतरपाट टावरने धरला. त्याचा कोण धरणार? सुमनताई, तारीख सांगा, आम्ही स्टुलावर उभे राहतो."

मंडप हसला. पंगतीत बसलेल्या भावाचा घास हातातच राहिला. तो उठला, बहिणीसमोर येऊन उभा राहिला. गावाला आधी कळतं आणि मला नंतर, एवढंच त्याने विचारलं. ताई खाली बघत म्हणाल्या, "तसं काही नाही." चार लोकांत म्हणाल्या, आणि मग त्यावरच राहिल्या.

टावरने अंतरपाटाची घडी घातली. माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मास्तर, वेळ व्हायची व्हती अजून," म्हणाला आणि गेला.

भावाने नवी मोटर आणली. जुनी टावरच्या दुकानातच राहिली. अधूनमधून तो ती उघडतो, पुसतो, परत बंद करतो. मी समोर बाकावर बसायचो, चहा प्यायचो आणि दुसरंच काहीतरी बोलायचो. तोही बोलायचा. अशी काही वर्षं गेली.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. मी त्याला आधीच सांगितलं, सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार आहे. त्याने हात जोडले. "आता माईक नगं, मास्तर."

म्हणून मी माईक घेतलाच नाही. अंतरपाटाचं दुसरं टोक धरलं. माझ्यासाठी तो गुडघे वाकवून उभा राहिला. आता त्याचे गुडघे थरथरतात. मंगलाष्टकांच्या गलक्यात मी म्हणालो, "बबन, माझं चुकलं."

त्याने कापडावरची नजर काढली नाही. "मला काय सांगतो? चारचौघांत तिला खोटं बोलाया लागलं, त्ये तिला सांग." मग म्हणाला, "वर धर. दिसतंय."

पाहुणे पांगल्यावर मी नर्सरीत गेलो. ताई रोपांना पाणी देत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मी बोललो, पण मोटरच्या आवाजात त्यांना ऐकू येईना. मी आवाज चढवणार, तेवढ्यात त्यांनी जाऊन मोटर बंद केली आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

मग मी हळूच म्हणालो, "ताई, ते तुम्ही सांगायचं होतं. मी सांगितलं. माझं चुकलं."