मागं लय जागा हाय

मुलांनो, आमचे शेजारी किसनराव लग्नाच्या मांडवात शिरले की आधी नवरदेवाकडे पाहत नाहीत, दाटीकडे पाहतात. "ओ पाव्हणं, सरका! मागं लय जागा हाय!" एसटीत कंडक्टरकी करून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या लेखी सगळं सोनपेठ अजून त्यांच्याच गाडीत बसलेलं आहे. भजनात, मयतीत, रेशनच्या रांगेत ते माणसं सरकवतात आणि माणसंही निमूट सरकतात. मी तर एकदा माझ्या स्वतःच्या ओसरीवर सरकले आहे.

घरी त्यांची प्रवासी एकच, मुलगी मनीषा. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून तिने काय घालायचं, कुणाकडे जायचं, परत कधी यायचं, सगळं किसनराव ठरवत. तुमची आई तुमच्या खोलीत येताना दार वाजवते. त्यांच्या घरी दारं होती ती फक्त मांजर आत येऊ नये म्हणून. पुढे मनीषा नर्स झाली, तिला जर्मनीत नोकरी लागली, आणि सगळ्या गल्लीला वाटलं, पोरगी सुटली एकदाची. पण मोबाइल होता ना!

"फोन फिरव जरा. मागं कोन हाय?"

"कपाट हाय, बाबा."

"आन कपाटाच्या मागं?"

असं सकाळ, दुपार, संध्याकाळ. शेवटी मनीषाने फोन उचलणंच बंद केलं. 'ठीक आहे' एवढाच मेसेज येऊ लागला. किसनराव माझ्याकडे आले ते शर्टाची बटणं वरखाली लावून. मनीषाने अडीअडचणीला म्हणून दिलेला तिकडच्या घरमालकिणीचा नंबर त्यांनी पुढे केला.

"बाई, तुमी इंग्रजीत बोला. मपली पोरगी नाराज हाय का बिमार हाय, एवढं इचारा."

मी फोन लावला. मालकीणबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. इंग्रजीही माझ्यासारखंच, शाळेत शिकलेलं, सावकाश. त्या म्हणाल्या, मुलगी आजारी नाही. पण फोन वाजला की ती जेवणावरून उठते, ताटातलं तसंच राहतं. वडिलांवर तिचा जीव आहे, फक्त तिला थोडी 'स्पेस' हवी आहे.

आता याला मराठीत काय म्हणावं? घाईत मी म्हणाले, "किसनराव, तिला जागा पाहिजे."

त्यांचा चेहरा उजळला. "एवढंच व्हय! खोली अरुंद आसंल. मोठी बघ म्हनावं, मी हाय ना!"

"खोलीत नाही हो. तुमच्यापासून."

त्यांनी चुकलेलं एक बटण काढलं आणि पुन्हा चुकीच्याच काजात घातलं.

"म्हंजी... मीच सरकायचं?"

"हो."

"आन मी सरकलो, अन् ती पार लांबच गेली तर?"

मी चहा टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी फोन करणं सोडलं. माझ्या ओसरीवर येऊन बसत, फोन समोर उपडा ठेवत, आणि तो वाजला की काय म्हणून मलाच विचारत. एका संध्याकाळी म्हणाले, "बाई, तिचा फोन आला तर बोलायचं काय? कुठं हायस अन् काय खाल्लंस, हे सोडलं तर मला दुसरं येतच न्हाई."

"स्वतःचं काही सांगा की."

"मपलं? मपलं कोन इचारतं?" तक्रार नव्हती ती. बस वेळेवर सुटली म्हणावं, इतकं सहज म्हणाले.

रविवारी दुपारी फोन वाजला. मनीषाच होती. किसनराव ताडकन उभे राहिले. ओठांवर आलेला प्रश्न मला स्पष्ट दिसला आणि तो त्यांनी गिळलेलाही दिसला.

"बाळे," ते म्हणाले, "मी भाकर थापायला शिकायलोय. काल थापली. अर्धी तव्यावर पडली, अर्धी हातालाच राहिली. कुत्र्याला घातली तर त्यानं वास घेतला, मपल्याकडं बघितलं अन् निघून गेलं."

मला वाटलं, फोन कट झाला. मग फोनमधून एकदम काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. किसनरावांनी फोनवर तळवा धरला, जणू आतलं बाहेर सांडेल, आणि माझ्याकडे वाकून कुजबुजले,

"बाई, हसायलीय! पोरगी हसायलीय!"