झाकणभर जिबरेलिन

पानाचा देठ कालच्यापेक्षा बोटभर लांब होता. कुसुमताईंनी फूटपट्टी लावून पुन्हा पाहिलं. स्ट्रॉबेरीचं रोप जमिनीला बिलगून बसायला हवं; हे तर बगळ्यासारखं मान काढून उभं!

"पाह्यलं वं?" गणपतरावांनी छाती फुगवली. "सारं शास्त्रशुद्ध! यंदा अख्ख्या ऑफिसले स्ट्रॉबेरी खाऊ घालतो!"

"आणि घर?"

"पीक येऊ दे. मग ठरवू."

प्रतापनगरच्या या प्लॉटवर आधी पपई झाली, मग गुलाब. घराचं दरवेळी 'मग'! तोवर बिऱ्हाड वाडीला, गोदामाशेजारच्या भाड्याच्या खोल्यांत. बाहेर ट्रक सुरू झाला की कपातला चहा आपोआप बशीत!

कुसुमताई शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी बजावलं होतं, खत बेतानं. जिबरेलिन हे वाढीचं औषध. बादलीभर पाण्यात झाकणभर, आणि हंगामात एकदाच.

तेवढ्यात शेजारचे रुपराव कुंपणावरून ओरडले, "गणपतराव, तुमच्या वेली माझ्या न्हाणीत घुसून राहिल्या ना बाप्पा! आंघोळ करू का तोडणी?"

खरंच, रोपांनी चहूकडे लांबलचक फुटवे सोडले होते. फळ मात्र एकही नाही!

"औषध कितीदा घातलं?" कुसुमताईंनी शांतपणे विचारलं.

"रोज सकाळी, झाकणभर," गणपतराव पुटपुटले. "एकदानं काय पोट भरते?"

राखणीला बसलेल्या सासूबाई, जिजाबाई, दचकल्या. "सकाळी? अन् मी तं रोज दुपारी घालतो गा! लेकरं सुकून राहिली म्हून!"

रुपरावांचा आवाज एकदम उतरला. "मले वाटलं, तुम्ही विसरले असाल. म्हणून संध्याकाळी... मीबी..."

तीन सुगरणींनी एकाच वरणात मीठ घालावं, तसं झालं होतं!

पण गणपतराव कसले खचतात! "पुढच्या साली बाटलीले कुलूप! अन् पूर्ण प्लॉटभर लावू!"

म्हणजे घर पुन्हा 'मग'च! पीक आलं तरी स्ट्रॉबेरी, बुडालं तरी स्ट्रॉबेरी! कुसुमताईंनी फूटपट्टी पिशवीत ठेवली आणि वर्गातला आवाज लावला.

"आपली काळी माती पाणी धरते. यांची मुळं कुजतील. कुंड्या हव्यात. उंचावर, मोकळ्या वाऱ्यात."

"किती उंच?"

"गच्चीइतक्या."

"मग माझ्या गच्चीवर ठेवा ना!" रुपराव उत्साहानं म्हणाले.

परीक्षानळी पाडायच्या बेतात असलेल्या मुलीकडे पाहावं, तसं कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणजे... गळते ती," रुपराव घाईघाईनं म्हणाले.

गणपतरावांनी मोकळ्या प्लॉटवर इकडून तिकडे नजर फिरवली. वर आभाळाकडे पाहिलं. मोठा उसासा टाकला.

"काही इलाज नाही, कुसुम! स्ट्रॉबेरीसाठी आता घर बांधा लागते!"